डीहायड्रोॲलॅनिनपासून नवे अमिनो आम्ल: निळ्या उजेडातली रॅडिकल जोडणी

बॉक-डीहायड्रोॲलॅनिन मिथाइल एस्टर (टोकाला दुहेरी बंध असलेले, संरक्षक गट लावलेले अमिनो आम्ल) ४० मिग्रॅ (०.२ मिलीमोल), पिव्हॅलिक आम्ल ३१ मिग्रॅ (०.३ मिलीमोल), सिझियम कार्बोनेट ९८ मिग्रॅ आणि ४सीझेडआयपीएन हा प्रकाश-उत्प्रेरक ३.२ मिग्रॅ काचेच्या कुपीत घ्या. २ मिली कोरडे डीएमएफ (विद्रावक) घाला, झाकण लावा आणि सुईने १५ मिनिटे नायट्रोजनचे बुडबुडे सोडा.

ही पायरी उरकून टाकू नका. रॅडिकल म्हणजे एकटा, जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला कण; ऑक्सिजन स्वतःच द्विरॅडिकल आहे, म्हणजे त्यात असे दोन इलेक्ट्रॉन असतात. तो पिव्हॅलिक आम्लापासून तयार होणारा तुमचा टर्ट-ब्युटिल रॅडिकल दुहेरी बंधापर्यंत पोहोचण्याआधीच गिळतो. अभिक्रिया अर्ध्यावर अडली, तर पहिला संशय इथेच घ्यावा.

कुपी ४५० नॅनोमीटरच्या एलईडीपासून ५ सेंमीवर ठेवा, पंखा लावा, १६ तास ढवळा. उत्प्रेरक आम्लाच्या कार्बोक्सिलेटचा इलेक्ट्रॉन काढतो, कार्बन डायऑक्साइड सुटतो, उरलेला रॅडिकल टोकाच्या =CH₂ वर बसतो. बेंझोइक आम्ल मात्र असे सहजी फुटत नाही, ते वापरू नका.

मग पाणी घालून उत्पादन इथाइल ॲसिटेटमध्ये काढून घ्या, डीएमएफ घालवायला ५% लिथियम क्लोराइडने तीनदा धुवा. एनएमआरमध्ये (रेणूतले हायड्रोजन ओळखणाऱ्या चाचणीत) ५.७ आणि ६.२ पीपीएमजवळची =CH₂ ची शिखरे गेली, म्हणजे सुरुवातीचा पदार्थ संपला.

उत्पादन रेसिमिक येते, म्हणजे दोन आरसा-रूपांचे सारखे मिश्रण: अल्फा कार्बनवर प्रोटॉन दोन्ही बाजूंनी बसतो. एकच रूप हवे असेल, तर सुरुवातीलाच कॅराडी-बेकविथ अल्कीन (डीहायड्रोॲलॅनिनचे एकाच आरसा-रूपातले, वलय असलेले रूप) घ्या. तिथे वलयावरचा मोठा गट एक बाजू झाकून ठेवतो.