दोर पेडापेडाने निकामी होतो: या चुका टाळा

दोर वळताना आधी तंतूंना एका दिशेने पीळ देऊन सूत काढतात, ती सुते उलट दिशेने वळून पेड करतात आणि तीन पेड पुन्हा पहिल्या दिशेने एकमेकांभोवती वळले की तिपेडी दोर तयार होतो. एका पायरीवरचा पीळ उकलू पाहतो तेव्हा पुढच्या पायरीवरचा आवळला जातो, आणि या परस्परविरुद्ध ओढीमुळेच दोर एकसंध राहतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण माणसांच्या स्वभावाला लागू असेल. वापरातल्या दोराचा पीळ मात्र चुकीच्या हाताळणीने सहज बिघडतो.

पहिली चूक नवे भेंडोळे सोडतानाच होते. बाहेरचे टोक धरून दोर ओढला, तर प्रत्येक वेढ्याबरोबर त्यात जादा पीळ चढतो किंवा असलेला पीळ उतरतो. बाजारात मिळणारा तिपेडी दोर बहुतेक उजव्या पिळाचा असतो. तो उभा धरला की पेड डावीकडून वर उजवीकडे चढताना दिसतात. अशा दोराचे आतले टोक काढून तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सोडावा आणि काम झाल्यावर काट्यांच्या दिशेने गुंडाळावा. पिळाची कडी पडलीच, तर ती ओढून सरळ करण्याचा मोह आवरावा. ताण दिल्यावर कडी नाहीशी झालेली दिसते खरी, परंतु त्या जागी एक पेड फुगून वर येतो, भार उरलेल्या दोन पेडांवर पडतो आणि पुढे दोर नेमका तिथेच तुटतो. टोक मोकळे ठेवून कडी हाताने उलट फिरवत उकलावी. पेड आधीच वर आलेला असेल, तर तेवढा तुकडा कापून काढण्यावाचून उपाय नाही.

कापल्यानंतर बहुतेक जण दोन टोकांना गाठ मारून मोकळे होतात. गाठीत दोर तीव्र वळण घेतो, बाहेरच्या बाजूचे तंतू ताणले जातात आणि आतल्या बाजूच्या तंतूंवर भार जवळजवळ येतच नाही. त्यामुळे गाठीच्या प्रकारानुसार दोराची ताकद एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत घटते. दोन्ही टोकांचे पेड उकलून एकमेकांत गुंफले, तर सुमारे 90 टक्के ताकद टिकते. काम वेळखाऊ आहे, पण विहिरीच्या किंवा ओझ्याच्या दोराला दुसरे काही करू नये. कापलेले टोक तसेच सोडल्यास पेड आपोआप उकलू लागतात. म्हणून कापण्याआधीच दोन्ही बाजूंना बारीक दोऱ्याचे घट्ट वेढे द्यावेत.

नायलॉन म्हणून घेतलेली दोरी

दुकानात निळी, पिवळी, हिरवी अशी कोणतीही दोरी ‘नायलॉन’ म्हणूनच मागितली जाते आणि दिली जाते. त्यातली बरीचशी पॉलिप्रॉपिलीनची किंवा पॉलिथिलीनची असते. तुकडा पाण्यात टाकून पाहावा: या दोन्ही तरंगतात, नायलॉन बुडते. फरक केवळ नावाचा नाही. साधी पॉलिप्रॉपिलीन उन्हाने लवकर ठिसूळ होते. हातावर रंगीत भुसा उतरू लागला की ती ओझ्याला वापरू नये. नायलॉन खूप ताणले जाते, त्यामुळे बंद पडलेले वाहन ओढताना ते तुटले तर टोक चाबकासारखे परत येते आणि ओढीच्या रेषेत उभ्या असलेल्या माणसाला गंभीर इजा करू शकते. काथ्या खाऱ्या पाण्यात चांगला टिकतो, परंतु त्याची ताकद कमी असते. ताग आणि अंबाडी ओल्या गुंडाळून ठेवल्या की आतून कुजतात.

जनावरांच्या दोरांत तर ही गफलत जनावरालाच भोगावी लागते. दावे (खुंट्याला बांधायचा दोर), कासरा (बैल हाकताना हातात धरायचा दोर), म्होरकी (तोंडाभोवती बांधायची दोरी) आणि वेसण यांची कामे वेगळी आहेत. वेसण नाकातून जाते, म्हणून ती मऊ सुताचीच हवी. बारीक प्लॅस्टिकची दोरी कातडीला काचते आणि जखम होते. गळ्यात सरकफास कधीही घालू नये, ओढ बसताच तो आवळत जातो. तिथे न सरकणारी गाठच हवी. खुंट्याला मात्र निरगाठ नको, सुरगाठ हवी, कारण गोठ्यात पाणी शिरले किंवा आग लागली, तर ओढीने घट्ट झालेली निरगाठ अंधारात सुटत नाही. पोळ्याला बैलांना नवे दोर घालण्याची रीत आहे. त्याच वेळी गोठ्यातले बाकीचे दोरही तपासले तर उत्तम.

दोर बाहेरून चांगला दिसतो म्हणून तो चांगला आहे, असे समजणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. पीळ थोडा उलट फिरवून ठिकठिकाणी पेड वेगळे करावेत आणि आत पाहावे. तिथे भुकटी, काळपट डाग, कुबट वास किंवा तुटके तंतू आढळले, तर आत वाळूचे घर्षण झाले आहे किंवा कूज लागली आहे. भुकटी दिसलेला दोर झटकून पुन्हा कप्पीवर चढवू नये. तो केवळ बाजूला टाकला, तरी गरजेच्या वेळी कोणीतरी उचलतोच; म्हणून त्याचे हात-दीड हाताचे तुकडे करून टाकावेत.