रात्रीची अवेळी भूक आणि झोप : दोन्हींची घडी कशी बसवावी

रात्री साडेबाराला स्वयंपाकघरात जाऊन, घरच्यांना आवाज जाऊ नये म्हणून चिवड्याच्या डब्याचे झाकण तळहाताने दाबत हळूच उघडणाऱ्या माणसाला आपण सहज अधाशी म्हणतो. अनेकदा त्याचे जेवण पोटभर झालेले असते, झोप मात्र दोन-तीन दिवसांची थकलेली असते. म्हणून या भुकेचा बंदोबस्त ताटापासून करू नये, अंथरुणापासून करावा.

याचे कारण मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये आहे. तेथील काही पेशी ऑरेक्सिन नावाचे रसायन तयार करतात. 1998 मध्ये त्याचा शोध लागला तेव्हा ते भूक वाढवते असे दिसले आणि भूक या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव पडले. पण पुढच्या एक-दोन वर्षांतच लक्षात आले की ज्यांच्या मेंदूतील या पेशी नष्ट होतात त्यांना दिवसाढवळ्या अनावर झोप येते, म्हणजे हेच रसायन आपल्याला जागेही ठेवते. पोट रिकामे झाले की जठरातून येणारे घ्रेलिन या पेशींना चेतवते, तर रक्तातील वाढलेली साखर आणि चरबीतून येणारे लेप्टिन त्यांना शांत करतात. उपाशी जिवाने झोपून न राहता अन्न शोधावे, अशी ही निसर्गाची सोय आहे, आणि मला ती फार विलक्षण वाटते. शिकागो विद्यापीठातील 2004 च्या एका प्रयोगात 12 निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले, तेव्हा दहा तासांच्या अंथरुणाच्या तुलनेत त्यांचे लेप्टिन 18 टक्क्यांनी घटले, घ्रेलिन 28 टक्क्यांनी वाढले आणि ओढ प्रामुख्याने गोड, खारट व पिठूळ पदार्थांकडे गेली.

पहिली पायरी म्हणजे एक आठवडा वहीत तीनच गोष्टी लिहाव्यात : झोपलो कधी, उठलो कधी आणि अवेळी भूक कधी लागली. कमी झोपेच्या रात्रीनंतरच भूक उसळत असेल, तर दुखणे कुठे आहे ते कळते.

दुसरी पायरी उठण्याची वेळ ठरवण्याची आहे, आणि ती रविवारीही पाळावी. उठल्यावर अर्ध्या तासात उघड्यावरचा उजेड डोळ्यांना मिळू द्यावा. गोदाकाठी फेरी झाली तर उत्तम, नाहीतर गच्चीही चालते. सकाळच्या उजेडाने शरीराचे घड्याळ लागते आणि झोपेची वेळ झाल्याचे शरीराला सांगणारे मेलाटोनिन रात्री वेळेवर स्रवते. रविवारची मिसळ सोडण्याची गरज नाही, पण तिच्यासाठी अकरापर्यंत लोळत राहू नये.

तिसरी पायरी चहाची. जागेपणी मेंदूत साठत जाणारे ॲडेनोसिन झोपेची ओढ निर्माण करते आणि चहा-कॉफीतील कॅफिन नेमके त्यालाच अडवते. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणून शेवटचा चहा दुपारी तीनच्या आत घ्यावा.

चौथी पायरी : रात्रीचे जेवण झोपेच्या दोन-तीन तास आधी उरकावे, त्यात वरण, उसळ किंवा अंडे असावे, आणि नंतर दिवे मंद करून मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. तरीही खरोखर भूक लागलीच, तर उपाशी तळमळण्यापेक्षा कपभर दूध घेऊन झोपावे.

नाशिकमधील सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांना हे वेळापत्रक जसेच्या तसे लागू पडत नाही. त्यांनी मुख्य जेवण पाळीआधी घ्यावे, मध्यरात्री हलके काही खावे, आणि घरी आल्यावर जाड पडदे ओढून आधी झोपावे. परतताना गॉगल लावल्याने सकाळचा उजेड कमी होतो, पण दुचाकीवर डोळे जड होत असतील तर तो मुळीच लावू नये. थोडे थांबून मगच निघावे.

मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदलाव्यात. झोपेत घोरता घोरता श्वास अडकत असेल, दिवसा बोलता बोलता डोळा लागत असेल किंवा खळखळून हसताना गुडघ्यांतले बळ अचानक जात असेल, तर वरच्या पायऱ्यांत वेळ न घालवता झोपेच्या विकारांचे तज्ज्ञ गाठावेत आणि लिहिलेली वही सोबत न्यावी.