जिगसॉ पझलसाठी स्क्रोल सॉचं बारीक ब्लेड कसं निवडावं

लाकडी पझल कापताना ब्लेडच्या जाडीइतकं लाकूड भुसा होऊन उडून जातं आणि तेवढी फट दोन तुकड्यांमध्ये कायमची राहते. तुकडे एकमेकांना धरून ठेवणार की खुळखुळणार, हे त्या फटीवर ठरतं. त्यामुळे ब्लेड घेताना दातांच्याही आधी जाडी बघा.

सुरुवात आपल्या स्क्रोल सॉपासून, म्हणजे बारीक ब्लेड खाली-वर हलवून वळणदार काप देणाऱ्या मशीनपासून करा. टोकांना आडवी पिन असलेलीच ब्लेडं त्यात बसत असतील, तर बारीक पझलचा नाद सोडावा लागेल. पिनवाली ब्लेडं साधारण दोन-अडीच मिमी रुंद असतात आणि पझलच्या छोट्या मुंडीभोवती (शेजारच्या तुकड्यात अडकणाऱ्या गोल टोकाभोवती) ती वळतच नाहीत. साध्या टोकाची, 5 इंच म्हणजे 127 मिमी लांबीची ब्लेडं धरणारा क्लॅम्प हवा. काही मशीनना तो वेगळा घेऊन लावता येतो.

आता नंबर. 12, 9, 7, 5, 3, 1 असा नंबर उतरत जातो तसं ब्लेड बारीक होतं. 1 च्या खाली 0, 2/0, 3/0 येतात. 5 नंबरची जाडी सुमारे 0.4 मिमी असते, 2/0 ची सुमारे 0.25. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, पण शंभर तुकड्यांच्या पझलमध्ये तो बोटांना लगेच कळतो. कंपनीगणिक मापं थोडी बदलतात, म्हणून पाकिटावरची जाडी वाचूनच घ्या.

5-6 मिमी बर्च प्लायला मी 2/0 किंवा 1 सुचवेन. हात नवीन असेल तर काही दिवस 3 वर काढा, कारण 2/0 जरा जोर दिला की तुटतं. 3 मिमी प्लायला 3/0 चालेल. आपल्याकडच्या साध्या प्लायचे थर जाड असतात, मधे पोकळ्याही निघतात, आणि बारीक ब्लेड तिथे भरकटतं. चित्र चांगलं असेल तर प्लायवर काटकसर करू नका.

दातांचं म्हणाल तर लाकडाच्या जाडीत एका वेळी निदान दोन-तीन दात बसले पाहिजेत. एक दात सोडून एक अशी रचना भुसा बाहेर टाकते आणि कड जळू देत नाही. खालचे काही दात उलटे असलेलं ब्लेड मिळालं तर जरूर घ्या, प्लायच्या खालच्या बाजूची कुसळं त्याने कमी होतात. मात्र ब्लेड वर आलेलं असताना दोन-तीन उलटे दात टेबलाच्या वर दिसतील असं ते बसवा, नाहीतर ते लाकडाला लागतच नाहीत. चहूबाजूंनी दात असलेलं पिळाचं ब्लेड पझलला घेऊ नका. त्याची फट रुंद आणि कड खरबरीत येते.

सोनारकामाची ब्लेडंही बऱ्याच मशीनमध्ये बसतात आणि सराफ्याजवळच्या हत्यारांच्या दुकानांत सहज मिळतात. पण ती धातूसाठी घडवलेली असतात. जाड प्लायमध्ये त्यांचे दात भुशाने भरतात, म्हणून ती पातळ लाकडापुरतीच ठेवा.

ब्लेड लावल्यावर दात खाली तोंड करून आहेत ना, हे बोट न कापता बघा. मशीन बंद ठेवून ब्लेड तारेसारखं छेडा. बारीक, उंच आवाज आला म्हणजे ताण बरोबर आहे. टेबल आणि ब्लेडचा काटकोन छोट्या गुण्याने तपासा. मग रद्दी तुकड्यावर एकच मुंडी कापा आणि तो तुकडा आधी वरून, मग खालून काढून बघा. दोन्हीकडून सारखा सरकला पाहिजे. एकाच बाजूने निघत असेल तर काप तिरका गेलाय: टेबल कललंय, ताण कमी आहे, किंवा तुम्ही लाकूड जोरात रेटताय. कापताना ब्लेड उजवीकडे ओढ घेत असेल तर घाबरू नका. बनवताना बऱ्याच ब्लेडच्या एका कडेला बारीक कंगोरा राहतो, त्याने तसं होतं. लाकूड किंचित तिरकं धरून पुढे सरकवा.

प्लायमधला गोंद धार लवकर खातो. ब्लेडं डझनाने घ्या, आणि लाकूड पुढे न्यायला जोर लागू लागला किंवा कड काळी पडू लागली की ब्लेड तिथेच बदला.