शोरूमला नवीन लागलात का? सेल्समधल्या या चुका टाळा

मी आठ वर्षं इलेक्ट्रॉनिक्सच्या शोरूममध्ये सेल्सला आहे, आधी मोबाईल काउंटर आणि आता एसी-फ्रिज-वॉशिंग मशीन. दर सीझनला नवीन पोरंपोरी लागतात आणि त्याच त्याच चुका करतात, मी पण केल्यात, म्हणून लिहितेय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गिऱ्हाईकाचं घर न विचारता मॉडेल दाखवत सुटणं. माझ्या पहिल्याच दिवाळीत मी एका काकांना फ्रंट लोड मशीन दिली, ऑफर चांगली होती, माझं टार्गेट पण त्यातच होतं. काका राहायचे सगळ्यात वरच्या मजल्यावर, टाकी अगदी डोक्यावर, त्यामुळे नळाला प्रेशरच नाही. मशीन पाणी भरता भरता एरर दाखवून थांबायची. टेक्निशियन दोनदा येऊन गेला, म्हणाला मशीन ओके आहे, पाणीच कमी येतंय, मग काका-काकू दोघं थेट माझ्या काउंटरला, आणि ते पण धनत्रयोदशीच्या गर्दीत. शेवटी त्यांनी स्वतःच्या खर्चाने प्रेशर पंप बसवून घेतला. काकू एवढंच म्हणाल्या, "अगं, तू विचारलं असतंस तर आम्ही सांगितलं असतं की." ते अजून मनाला लागतं.

तेव्हापासून किंमत सांगायच्या आधी मी विचारते, मजला कितवा, टाकी कुठे, पाणी बोअरचं की नळाचं (बोअरच्या जड पाण्याने हीटरवर क्षार बसतात), घरात माणसं किती. एसीला खोलीची लांबी-रुंदी तर विचाराच पण वर गच्ची आहे का हे नक्की विचारा. एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) उष्णता खोलीतून बाहेर काढायची ताकद, दहा बाय बाराच्या खोलीला साधारण तेवढा पुरतो, पण वर तापलेला स्लॅब असेल तर दीड टनच सांगा, नाहीतर मे महिन्यात कॉम्प्रेसर बंदच होणार नाही आणि बिल आलं की फोन तुम्हालाच येणार.

दुसरं, नो कॉस्ट ईएमआय, म्हणजे बिनव्याजी म्हणून सांगितले जाणारे हप्ते. "एक रुपया पण जास्त लागणार नाही" असं कधीच बोलू नका. क्रेडिट कार्डवर व्याजाएवढी सूट आधी मिळते हे खरं, पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी बँक घेतेच, वर बऱ्याचदा प्रोसेसिंग फी. रक्कम छोटी असते पण स्टेटमेंटमध्ये दिसली की माणसाला फसवल्यासारखं वाटतं. मी कागदावर लिहून दाखवते, दोन मिनिटं जातात पण भांडण होत नाही.

इन्सेंटिव्ह, म्हणजे टार्गेट पूर्ण झालं की पगारावर मिळणारे पैसे, हातात यायच्या आधी खर्च करू नका. २०२५ मध्ये एसी आणि ३२ इंचाच्या वरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, २२ सप्टेंबरपासून. पण आधीचे काही आठवडे लोक यायचे, रेट विचारायचे, "बावीस तारखेनंतर बघू" म्हणून जायचे, आणि आमचं टार्गेट आहे तेवढंच. एकाने त्या इन्सेंटिव्हच्या भरवशावर गाडीचा हप्ता चालू केला होता, फार ओढाताण झाली त्याची. नंतर घटस्थापनेपासून गर्दी आली तेव्हा जेवायला पण वेळ नव्हता. हा धंदा असाच, पगारात घर चालेल असं बघा.

एक्स्टेंडेड वॉरंटी गळ्यात मारू नका, काय कव्हर होतं ते वाचून दाखवा. एवढंच.

आणि पाय. दिवसभर उभं राहून पोटऱ्या भरून येतात, नवीन पोरी फ्लॅट चपला घालून येतात आणि आठवड्यात टाचा धरतात. मऊ सोलचे बूट घ्या, यात पैसे वाचवू नका. केरळात २०१८ ला आणि तामिळनाडूत २०२१ ला दुकानातल्या कामगारांना बसायला जागा द्यायचा कायदा झालाय. आम्ही मॅनेजर सरांना विनंती करून बिलिंगच्या मागे दोन स्टुलं ठेवून घेतलीत, दुपारी दोन ते चार दुकानात येणारी गिऱ्हाईकं कमी असतात तेव्हा आळीपाळीने बसतो.