पीयूसी आणि मॉडिफाय गाड्या: या चुका टाळा

पीयूसीला, म्हणजे गाडीच्या धुराच्या तपासणीला, नापास झालेली गाडी गॅरेजला आली की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पास कुठं करून मिळेल?" नापास का झाली, हे विचारणारा विरळा. नाशिकला मुंबई नाक्यापासून सातपूरपर्यंत कुठल्याही मिस्त्रीला विचारा, तो हेच सांगेल. एके काळी या प्रश्नाला उत्तर असायचं. कोपऱ्यावरच्या व्हॅनवाल्याला नंबर सांगायचा, पैसे द्यायचे, कागद घ्यायचा. तो काळ सरला, पण मॉडिफाय गाडीवाल्या पोरांना ते अजून पटलेलं नाही. निम्म्या चुका तिथूनच सुरू होतात.

आधी बदललेलं काय ते बघू. जून 2021 मध्ये केंद्राने देशभर पीयूसीचा एकच नमुना आणला, फॉर्म 59. त्यावर क्यूआर कोड असतो, मालकाचा मोबाइल नंबर सक्तीचा झाला आणि माहिती थेट 'वाहन' या सरकारी ऑनलाइन नोंदीत जाते. गाडी नापास झाली तर रिजेक्शन स्लिप मिळते आणि त्यावर कारण लिहिलेलं असतं. तुमची गाडी जास्त धूर सोडतेय असं अधिकाऱ्याला वाटलं, तर तो गाडी तपासणीला न्यायला सांगू शकतो. नेली नाही तर दंड होतो, आणि वैध पीयूसी मिळेपर्यंत आरसी निलंबितही होऊ शकते.

दुसरा बदल मर्यादांचा. बीएस, म्हणजे भारत स्टेज, हे गाडीच्या धुराच्या सरकारी नियमांचे टप्पे. बीएस-3 च्या पेट्रोल कारला आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड (सीओ) 0.5 टक्के आणि हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं पेट्रोल, 750 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत 750) चालतो. बीएस-4 देशभर एप्रिल 2017 ला लागू झालं, बीएस-6 एप्रिल 2020 ला. या गाड्यांना मर्यादा आहे 0.3 टक्के आणि 200 पीपीएम. शिवाय अडीच हजार आरपीएमवर दुसरी चाचणी होते. तिथं सीओ 0.2 च्या आत लागतो आणि लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण, 0.97 ते 1.03 मध्ये. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीचा स्क्रू पिळून रीडिंग खाली आणता यायचं. इथं पिळायला स्क्रूच नाही.

कॅटकॉन काढून सरळ पाइप मारणं

कॅटकॉन म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इंजिनाचा धूर साफ करणारा डबा. याच्यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान यातच होतं.

गंगापूर रोडकडचा एक मुलगा बीएस-6 पेट्रोल हॅचबॅक घेऊन आला. हातात रिजेक्शन स्लिप. आयडलला सीओ एक टक्क्याच्या वर, हायड्रोकार्बन चारशेच्या पुढे. माझ्याकडे येण्याआधी त्याचे सगळे उपाय करून झाले होते. टाकीत क्लीनरच्या बाटल्या ओतल्या, प्लग बदलले, ऑइल बदललं, एअर फिल्टर नवा टाकला. दोन सेंटर फिरून आला, आकडे तेच. म्हणाला, "काका, काहीही करा, फक्त पास करून द्या. इंजिन लाइट पण येत नाहीये, म्हणजे गाडी ओके आहे ना?"

गाडी लिफ्टवर घेतली. मॅनिफोल्डच्या खाली जिथं कॅटकॉनचा फुगीर डबा असतो तिथं सरळ पाइपचा तुकडा वेल्ड केलेला होता. वेल्डिंग ओबडधोबड, एका बाजूला काळी राख साचलेली. म्हणजे जॉइंट लीकसुद्धा होता. मागचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथं बॅटरी टाकली, तर आतून पाइपची नुसती पोकळी दिसली. जाळी नाही, काही नाही. सेन्सर एका लांब नटावर बसवून पाइपच्या बाहेर उचलून धरला होता. धुराचा झोत त्याच्यापर्यंत नीट पोहोचतच नव्हता, म्हणून तो इसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, सगळं ठीक आहे असंच सांगत राहिला. लाइट न येण्याचं कारण हे.

मी विचारलं, "जुना डबा कुठंय?"

"तिथंच विकला. त्यांनी बिलातून पैसे कमी केले."

तेव्हा मला खरा राग आला, त्या पोरावर कमी आणि काम करणाऱ्यावर जास्त. कॅटकॉनच्या आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते, आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या महागड्या धातूंचा थर असतो. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड करायचा, न जळलेलं पेट्रोल जाळायचं, नायट्रोजनचे ऑक्साइड मोडायचे, हे सगळं काम त्या थराचं. भंगारवाल्याला त्याची किंमत माहीत असते. गाडीच्या मालकाला नसते. आवाजासाठी पैसे मोजून हा पोरगा गाडीतला सगळ्यात किमती धातू फुकापासरी देऊन बसला होता, आणि नवा ओरिजिनल डबा घ्यायचा तर किंमत ऐकून गप्प झाला.

बाजारात स्वस्त युनिव्हर्सल डबे मिळतात. त्याने तोच लावायचा आग्रह धरला. मी नाही म्हणालो. त्यातल्या पुष्कळ डब्यांवर थर इतका पातळ असतो की थोड्याच दिवसांत आकडे परत वर जातात, आणि मग शिव्या मिस्त्रीला. शेवटी चेसिस नंबर देऊन ओरिजिनल मागवला, सेन्सर जागेवर आणला, त्याने इसीयूत भरून घेतलेला रिमॅप, म्हणजे बदललेला प्रोग्राम, काढून कंपनीचा मॅप परत टाकला, कारण त्या रिमॅपमध्ये पेट्रोल जास्त सोडलेलं होतं. जास्त पेट्रोल सोडत राहिलं असतं तर नवा डबाही आतून तापून वितळला असता. मग गाडी विल्होळीपर्यंत पळवून आणली आणि सेंटरला पाठवली. सीओ शून्याच्या जवळ आला.

"पिकअप वाढतो" म्हणून लोक हे करतात. साध्या, टर्बो नसलेल्या शहरी गाडीत कॅटकॉन काढून वाढतो तो आवाज. आवाज वाढला की गाडी पळतेय असं वाटतं. ज्यांना खरंच गाडी सुधारायची आहे त्यांनी टायर, ब्रेक आणि सस्पेन्शनवर पैसे टाकावेत, पीयूसीला त्याचा काडीचा त्रास नाही. आणि काहीही बदललंत तरी निघालेला ओरिजिनल पार्ट गोणीत बांधून घरी न्या. माझ्या गॅरेजचा हा नियम आहे: जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या डिकीत गेल्याशिवाय गाडी बाहेर जात नाही.

गार गाडी सेंटरला नेणं

चांगली, कंपनीतून निघाली तशीच गाडीसुद्धा नापास होते, आणि कारण एवढंच असतं की मालक घरातून निघून दोन चौक ओलांडून सेंटरला पोहोचलेला असतो. कॅटकॉन साधारण अडीचशे-तीनशे अंश तापल्याशिवाय काम सुरू करत नाही. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत सकाळी सकाळी तर विचारूच नका. त्यात सेंटरवर रांग असते, मालक गाडी बंद करून चहा प्यायला जातो, नंबर लागेपर्यंत सगळं परत गार.

मी काय करतो ते सांगतो. द्वारकेवरून हायवेला लागतो, आडगावपर्यंत एकसारख्या वेगाने जाऊन येतो, आणि रांगेत गाडी बंद करत नाही. एसी बंद, दिवे बंद. नंबर आला की एक-दोन मिनिटं अडीच हजारावर धरतो आणि मग नळी लावायला सांगतो. पेट्रोल जाळतो म्हणून लोक हसतात. हसू देत.

डिझेलचं थोडं वेगळं. तिथं फ्री ॲक्सिलरेशन, म्हणजे न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धुराचा काळेपणा मोजतात. बीएस-4 च्या आधीच्या गाड्यांना मर्यादा 65 हार्टरिज (काळेपणा मोजायचं एकक), बीएस-4 ला 50. इंजिन ऑइल निदान साठ अंश तापलेलं असलं पाहिजे. इथं धोका नुसता नापास होण्याचा नाही. टायमिंग बेल्टची मुदत संपलेल्या गाडीचं इंजिन असं टोकापर्यंत रेस केलं आणि बेल्ट तुटला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेड उघडावं लागतं. बेल्ट कधी बदलला हे माहीत नसेल तर आधी ते बघा, मग पीयूसी. ऑपरेटरवर खापर फोडून उपयोग नाही, चाचणीच तशी असते.

डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, काढणारेही आहेत. कॉलेज रोड ते सातपूर रोज रांगत गेलात तर डीपीएफ चोंदणारच. आठवड्यातून एकदा हायवेला वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवा, त्याची काजळी त्याची तो जाळतो.

गाडी एक, आरसी दुसरी

नाशिकला जीपचं वेड जुनं आहे, महिंद्राचा कारखानाच सातपूरला. जुन्या जीपमध्ये दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवणं इथं नवलाचं नाही आणि त्यातली काही कामं बघत राहावीत इतकी सुंदर असतात. पण मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की आरसीवरची आणि कंपनीने ठरवलेली माहिती बदलेल असा फेरफार करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी, मग काम, मग आरसीवर नोंद. लोक हा क्रम उलटा लावतात आणि पंधरा वर्षांनी पुन्हा पासिंगला पेठ रोडला गाडी नेली की इंजिन नंबरवर अडकतात. तोपर्यंत ज्याच्याकडून इंजिन घेतलं त्याचा पत्ता लागत नाही. इंजिनाचं बिल आणि मूळ गाडीचे कागद पहिल्या दिवशीच मागून घ्या. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफाराला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

सीएनजी किटचं तसंच. बीएस-6 पेट्रोल गाडीला बाहेरून किट बसवायला ऑगस्ट 2022 पासून मुभा आहे, साडेतीन टनांच्या आतल्या गाड्यांना. पण किट त्या मॉडेलसाठी मंजूर असलेलं लागतं आणि आरसीवर नोंद लागते. "आधी बसवून घेऊ, नोंद बघू नंतर" म्हणणाऱ्याची नोंद मी कधी वेळेवर झालेली पाहिली नाही. सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्टही त्यातच बुडते, आणि तिथं प्रश्न दंडाचा नसून मागच्या सीटवर बसलेल्या पोरांचा असतो.

बाकीच्या चुका, थोडक्यात

सायलेन्सरचा जॉइंट लीक असणं. बाहेरची हवा आत ओढली जाते, लॅम्डा वर जातो आणि निरोगी इंजिन नापास होतं. गाडी चालू ठेवून टोकाला जाड फडकं क्षणभर दाबा. फुसफुस जिथून ऐकू येईल तिथं लीक.

रिजेक्शन स्लिप फाडून टाकणं. मिस्त्रीसाठी तो गाडीचा रिपोर्ट आहे. सीओ वाढलाय की हायड्रोकार्बन, यावरून अर्धं निदान होतं. नुसता हायड्रोकार्बन जास्त असेल तर मी आधी प्लग आणि कॉइल बघतो. दोन्ही जास्त असतील तर ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटकॉन. मशीनवरच शंका असेल तर तीच स्लिप घेऊन दुसऱ्या सेंटरला जा.

टाकीत थिनर किंवा रॉकेल टाकणं. करू नका.

मुदत चुकीची धरणं. बीएस-4 आणि बीएस-6 गाडीची पीयूसी वर्षभर चालते, त्याआधीच्या गाड्यांची सहा महिने. नव्या गाडीला पहिलं वर्ष लागत नाही.

"विमा झाला म्हणजे पीयूसीचं काही नाही" असं समजणं. पीयूसीशिवाय विम्याचं नूतनीकरण नको, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2017 चा आदेश होता. जुलै 2024 मध्ये न्यायालयाने ती अट काढली, आणि लोकांनी त्याचा अर्थ पीयूसीच सुटली असा घेतला. अट विम्यापुरती गेली. पीयूसी नसेल तर कलम 190 खाली दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्स बाद होण्याची तरतूद जशीच्या तशी आहे. मोबाइल नंबर बदलला असेल तर तोही आधी वाहनच्या पोर्टलवर दुरुस्त करून घ्या, नाहीतर पडताळणीचा मेसेज जुन्या नंबरवर जाईल आणि गाडी गरम करून आणलेली तुम्ही सेंटरच्या दारात तशीच उभी ठेवाल.