इंग्रजीत 'गेट' (get) दिसलं की आधी पुढचा शब्द बघा

डिक्शनरीतले 'गेट'चे सगळे अर्थ पाठ करायला जाऊ नका, डोकं फिरेल. त्यापेक्षा पुढे काय आलंय ते बघायचं, वस्तू असेल तर 'मिळणं', टायर्ड, अँग्री असलं विशेषण असेल तर 'होणं', 'टू' लावून जागा आली तर 'पोचणं', बरंचसं काम इथंच भागतं. खरी गंमत बोलण्यातली. 'आय गेट इट' म्हणजे कळलं, पण 'यू आर गोइंग टू गेट इट' म्हणजे आता तुझी काही खैर नाही! आणि भारी बातमी ऐकून समोरचा 'गेट आउट!' म्हणाला तर उठून जाऊ नका, तो 'काहीतरीच काय!' म्हणतोय (मी एकदा खरंच गप्प बसलेलो). 'गॉट यू' म्हणजे 'समजलं' की 'पकडलं', ते मात्र टोनवरूनच कळतं.