सर्टिफिकेट आहे, मग टेस्टिंग कशाला? ८३७ क्लेम पाठवताना या चुका टाळा

अमेरिकी हेल्थकेअर ईडीआयच्या, म्हणजे ८३७ सारख्या ठरलेल्या स्वरूपाच्या फाइलींतून विमा क्लेम पाठवण्याच्या कामावर नवीन आलेला माणूस हमखास विचारतो, ‘आपलं सॉफ्टवेअर हिपा सर्टिफाइड आहे ना? मग प्रत्येक पेयरबरोबर (क्लेमचे पैसे देणाऱ्या विमा कंपनीबरोबर) पुन्हा टेस्टिंग कशाला?’ प्रश्न रास्त आहे. पण उत्तर नीट कळलं नाही तर भुर्दंड डॉक्टरला बसतो, कारण क्लेम अडकला की पैसेही अडकतात.

मुळात ‘हिपा सर्टिफाइड’ असा सरकारी शिक्का नाहीच. हिपा हा आरोग्य विमा आणि आरोग्य-माहितीचा अमेरिकी कायदा १९९६ चा, पण सीएमएस (ईडीआय स्टँडर्डची अंमलबजावणी बघणारी सरकारी संस्था) कुठल्याही व्हेंडरच्या सॉफ्टवेअरला असं सर्टिफिकेट देत नाही. हेल्थ प्लॅननी स्टँडर्ड पाळत असल्याचा दाखला द्यावा, असा नियम २०१४ मध्ये प्रस्तावित झाला होता. तोही २०१७ मध्ये मागे घेतला. बाजारात मिळतात ती सर्टिफिकेटं ऐच्छिक असतात. त्यांना किंमत आहे, तिऱ्हाइताने तुमचं काम तपासलेलं असतं. फक्त कुठले ट्रान्झॅक्शन, कुठलं व्हर्जन आणि कुठल्या पातळीपर्यंत, हे वाचूनच त्यावर विसंबा.

पातळी म्हणजे वेडी-स्निप या उद्योगगटाने ठरवलेले तपासणीचे सात प्रकार. पहिल्या दोनांत सिंटॅक्स आणि इम्प्लिमेंटेशन गाइडचे नियम पाहतात, आणि बरेच जण तिथेच थांबतात. खरी गोची तिसऱ्यापासून सुरू होते. समजा सीएलएम सेगमेंटमध्ये (फाइलमधल्या क्लेमच्या मूळ माहितीच्या ओळीत) एकूण रक्कम १५० आहे आणि खालच्या दोन सर्व्हिस लाइन १०० आणि ४५ च्या आहेत. सेगमेंट जागच्या जागी, सिंटॅक्स चोख, तरी हिशेब जुळत नाही म्हणून क्लेम परत. सातवा प्रकार त्या-त्या पेयरच्या स्वतःच्या अटींचा. तुमच्या पेयरच्या कम्पॅनियन गाइडमध्ये काय लिहिलंय ते दुसऱ्याच्या सर्टिफिकेटात कुठून येणार?

दुसरी चूक ९९९ वर, म्हणजे फाइल पाठवल्यावर परत येणाऱ्या पोचपावतीवर, खूश होण्याची. ९९९ एवढंच सांगतं की फाइलची रचना मान्य आहे. क्लेम पेयरच्या सिस्टिममध्ये घेतला की नाकारला, ते २७७सीए या नंतरच्या पोचपावतीत कळतं. आमच्या टीमकडून एकदा टेस्टिंग संपल्यावर आयएसए१५ मधला (फाइल टेस्टची की खरी, हे सांगणारा) ‘टी’ बदलून ‘पी’ करायचा राहून गेला. ९९९ नियमित येत होते, आम्ही निश्चिंत. पेयरने मात्र सगळ्या फाइली टेस्ट समजून बाजूला ठेवल्या होत्या. पैसे का येत नाहीत म्हणून बिलिंगच्या बाईंचा फोन आला तेव्हा उलगडा झाला. क्लेम भरायची मुदत असते, त्यामुळे प्रत्येक दिवस जिवावर येत होता. तेव्हापासून गो-लाइव्हच्या यादीत आयएसए१५ सगळ्यात वर आहे, आणि पहिल्या फाइलचा २७७सीए डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आम्ही काम झालं म्हणत नाही.

टेस्ट डेटा अगदी गुळगुळीत घेऊ नका. एक पेशंट, एक डायग्नोसिस, एक लाइन असा क्लेम कुठेही पास होतो. सेकंडरी इन्शुरन्सचा क्लेम घ्या, फ्रिक्वेन्सी कोड ७ चा रिप्लेसमेंट (आधीच्या क्लेमऐवजी पाठवलेला) घ्या, ८ चा व्हॉइड (आधीचा क्लेम रद्द करणारा) घ्या. पत्त्यात कुणी तारांकन टाइप केलं आणि तोच तुमचा डिलिमिटर (घटक वेगळे करणारं चिन्ह) असेल, तर अख्खा सेगमेंट सरकतो; तेही करून बघा. हे नमुने खऱ्या क्लेमवरून बनवा, पण पेशंटची ओळख आधी पूर्ण पुसा.

आणि सर्टिफिकेटवरची तारीख बघा. दर १ ऑक्टोबरला आयसीडी-१०-सीएम चे (निदानाचे) नवे कोड लागू होतात, १ जानेवारीला सीपीटीचे (उपचारांचे). मार्चमध्ये मिळालेल्या सर्टिफिकेटला ते ठाऊक नसतात. म्हणून वरचे अवघड क्लेम एका फोल्डरमध्ये जपून ठेवा आणि कोड, मॅपिंग किंवा पेयरचं गाइड बदललं की तोच संच पुन्हा चालवा.